होगनचं डावं मनगट

मंगळवार, रात्री

जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला आणि बेन होगन या जुन्या अमेरिकी गोल्फपटूचा स्विंग, म्हणजे चेंडू मारायची सगळी हालचाल, एकेक फ्रेम पुढे सरकवत बघत बसले. यांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि झोपायला निघून गेले. मी गोल्फ खेळत नाही, खेळायची इच्छाही नाही. पण पुण्यात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायचा म्हटलं की येरवड्याच्या कोर्सवर दुखावलेली पाठ, नाहीतर कोपर अधूनमधून टेबलावर येतंच. आणि आलेला प्रत्येक जण कधी ना कधी होगनचं नाव काढतो. म्हटलं, एकदा बघून तर घेऊ या माणसाने असं काय केलंय.

पहिल्यांदा काही कळलं नाही. चेंडू गेला, संपलं. वेग कमी केला तेव्हा कुठे एकेक सांधा दिसायला लागला. हा माणूस लहानखुरा. उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर, वजन पासष्ट किलोच्या आसपास. तरी फटका असा की धिप्पाड खेळाडूंच्या बरोबरीने चेंडू जातोय. म्हणजे ताकद स्नायूंच्या आकारात नाही, कोणता भाग कधी सुटतो यात आहे.

मी थांबले ती बॅकस्विंगच्या, म्हणजे मागे उचलण्याच्या, टोकाला. क्लब (चेंडू मारायची काठी) डोक्यामागे गेलाय, डावा हात जवळजवळ सरळ, आणि डावं मनगट हाताच्या पाठीकडे वाकलेलं. मनगटावर खोलगट वाटी तयार झालीय. आमच्या भाषेत एक्स्टेन्शन. आजचे कित्येक व्यावसायिक खेळाडू इथे मनगट सपाट ठेवतात, काही तर उलट बाजूला झुकवतात. होगनची ही वाटी हौसेची नव्हती. ती बनवायला त्याला पंधराएक वर्षं लागली होती.

बुधवार

दुपारी दोन अपॉइंटमेंट रद्द झाल्या, त्यामुळे वाचायला वेळ मिळाला.

होगनचा जन्म 1912 चा, टेक्सासमधला. वडील लोहार. कुटुंब फोर्ट वर्थला आलं आणि तिथे तो नऊ वर्षांचा असताना त्यांनी आत्महत्या केली. तिथल्या ग्लेन गार्डन क्लबवर पोरगा कॅडी म्हणून बॅगा उचलायला लागला. त्याच क्लबवर त्याच्याच वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. दोघं पुढे दिग्गज झाले, पण नेल्सन लवकर, होगन उशिरा. 1930 मध्ये तो व्यावसायिक झाला आणि एकट्याच्या नावावरची पहिली स्पर्धा जिंकली 1940 मध्ये, पाइनहर्स्टला. मधली दहा वर्षं पैशांची चणचण आणि हुक.

हुक म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत डावीकडे वळत जातो. वळतोच, शिवाय खाली पडल्यावर पळत सुटतो, थेट झाडीत. का होतो? चेंडूला भिडताना क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, फटक्याच्या दिशेपेक्षा जास्त मिटलेला, म्हणजे डावीकडे वळलेला असतो. आणि तो मिटवतात हात, म्हणजे डाव्या हाताचं बाहेरच्या बाजूला फिरणं आणि त्यावर उजव्या हाताचा रेटा. होगनचे हात झपाट्याचे होते, मनगटं लवचीक. ज्या गुणामुळे चेंडू लांब जायचा, तोच गुण चेंडू डावीकडे ओढून न्यायचा.

मग त्याने औषध शोधलं. 1955 मध्ये 'लाइफ' मासिकाने होगनचं गुपित म्हणून ते मुखपृष्ठावर छापलं. डाव्या हाताची पकड थोडी डावीकडे सरकवायची, म्हणजे अंगठा दांड्याच्या उजव्या अंगाला न राहता वरच्या बाजूला येतो. क्लब मागे नेताना डावा हात आतल्या बाजूला फिरवायचा. आणि टोकाला पोचता पोचता मनगट पाठीकडे वाकवायचं, कालची ती वाटी. या तिन्हींमुळे क्लबचा चेहरा उघडतो, आणि इतका उघडतो की खाली येताना हात कितीही जोरात फिरले तरी तो वेळेआधी मिटूच शकत नाही. आता उजवा हात मोकळा सोडला तरी चालतो. ताकद लावायला मला तीन उजवे हात असते तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा ते याच हिशेबाने. चेंडू आता शेवटाला किंचित उजवीकडे झुकून मऊ उतरायचा. हा त्याचा फेड.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने मला खरी गंमत वाटली ती पुढच्या भागाची. टोकाला मनगट मागे वाकलेलं आणि चेंडूला भिडताना तेच मनगट पुढे बाकदार, हाताची पाठ लक्ष्याकडे, मनगटाचं हाड सर्वांत पुढे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा हा सगळा प्रवास पाव सेकंदाच्या आसपास. एवढ्या वेळात विचार करून मनगट वळवणं कोणालाच जमणार नाही. तो हात वळवत नव्हताच, कंबर पुढे गेली की हात आपोआप वळत होते. पण मासिकात छापून आलं मनगट. कमरेचं चित्र काढायला कठीण, मनगटाचं सोपं.

आता माझे पेशंट. संध्याकाळी एक निवृत्त फौजी अधिकारी येतात, त्यांचं डावं मनगट अंगठ्याच्या बाजूने सुजलंय आणि कंबर धरलीय. विचारलं, काय चाललंय? म्हणाले, मॅडम, होगनसारखं कपिंग करतोय, म्हणजे मनगटाची तीच वाटी. मी विचारलं, तुमचा चेंडू कुठे जातो? म्हणाले, उजवीकडे, आधीपासूनच!

हेच ते. होगनचं दुखणं डावीकडचं, यांचं उजवीकडचं. आठवड्याला एकदा खेळणाऱ्या बहुतेकांचा चेंडू उजवीकडेच जातो, कारण त्यांचा क्लब आधीच उघडा येतो. त्यात ही वाटी म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन दाखवून औषध आणायचं आणि वर म्हणायचं गुण येत नाही. त्यांना असं तोंडावर म्हटलं नाही, मनगटाला पट्टी बांधली आणि पकड जरा उजवीकडे सरकवून बघा म्हटलं. पटलेलं दिसलं नाही. होगनपुढे माझं कोण ऐकणार!

शुक्रवार

आज मनगट सोडून कंबर बघितली. आणि मग अपघाताचं वाचल्यावर झोपच उडाली.

2 फेब्रुवारी 1949. होगन आणि त्याची बायको व्हॅलरी गाडीने घरी निघालेले, पश्चिम टेक्सासमध्ये व्हॅन हॉर्नजवळ, धुकं. समोरून ट्रकला ओलांडत येणारी ग्रेहाउंडची बस सरळ अंगावर आली. होगनने स्टिअरिंग सोडून बायकोच्या अंगावर झेप घेतली. त्यामुळे ती वाचली, आणि स्टिअरिंगचा दांडा सीटमध्ये घुसला तेव्हा तिथे कोणी नसल्यामुळे तोही. कटिर (कमरेचं हाड) दोन ठिकाणी मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं, डावा घोटा मोडला, बरगडीला मार. मग रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसाकडे जायला लागल्या. न्यू ऑर्लिन्सहून डॉ. ऑल्टन ऑक्सनर यांना बोलावून घेतलं, त्यांनी शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांचं रक्त परत वर जायची मुख्य वाटच बंद. पुढे आयुष्यभर पाय सुजायचे, खेळायच्या आधी पट्ट्या गुंडाळायला लागायच्या.

आता हे स्विंगशेजारी ठेवून बघावं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सगळं वजन शेवटी कुठे येतं? डाव्या पायावर, डाव्या घोट्यावर. आणि होगनच्या डाउनस्विंगची, म्हणजे क्लब खाली आणण्याची, सुरुवात कुठून होते? कमरेपासून. हात अजून वर जात असतात आणि डावा खुबा मागे वळायला लागलेला असतो. खांदे एकीकडे, कंबर दुसरीकडे, त्यामुळे पोटापाठीचे स्नायू पिळले जातात आणि त्या पिळातून वेग येतो. उजवं कोपर उजव्या खुब्यापुढे घसरतं, मनगटाचा कोन हात कमरेपर्यंत येईतो मोडत नाही. हे सगळं ज्या हाडावर उभं आहे, नेमकं तेच दोन ठिकाणी मोडलेलं.

माझ्याकडे असा पेशंट आला असता तर मी त्याला जिना चढायला शिकवलं असतं आणि गोल्फचं नाव काढू दिलं नसतं. होगन जानेवारी 1950 मध्ये लॉस एंजेलिस ओपन खेळला आणि सॅम स्नीड या दुसऱ्या दिग्गजाशी बरोबरी केली, मग निकालासाठीच्या जादा खेळात, प्लेऑफमध्ये, हरला. जूनमध्ये फिलाडेल्फियाजवळच्या मेरिअनला यूएस ओपन. तेव्हा शेवटच्या दिवशी 36 होल चालायचे असत. शेवटच्या होलवर पार (त्या होलला ठरलेल्या फटक्यांइतकेच फटके) हवा होता, त्याने एक नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) काढलं, आजकाल तो क्लब कोणाच्या बॅगेतही नसतो. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, तिथून दोन पट, म्हणजे होलकडे हळूच ढकललेले फटके, आणि बरोबरी. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये त्याचे 69 फटके, लॉइड मँग्रमचे 73, जॉर्ज फॅझिओचे 75; कमी फटके तो जिंकला. त्या एक नंबरच्या फटक्याचा हाय पेस्किनने मागून घेतलेला फोटो मी आज बराच वेळ मोठा करून बघितला. उजवी टाच वर, बुटाचा तळ कॅमेऱ्याकडे, अख्खं शरीर त्या मोडलेल्या डाव्या घोट्यावर उभं आणि तोल जरासुद्धा गेलेला नाही. वेदना दिसत नाही. (ती होती, हे मी शपथेवर सांगेन.)

त्याने जिंकलेल्या नऊ मेजरपैकी (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी) सहा अपघातानंतरच्या. 1953 मध्ये मास्टर्स, ओकमाँटची यूएस ओपन आणि स्कॉटलंडमध्ये कारनूस्टीची ब्रिटिश ओपन. ब्रिटिश ओपन तो आयुष्यात एकदाच खेळला आणि जिंकूनच आला. अपघातानंतरच्या फिल्ममध्ये बॅकस्विंग मला आधीपेक्षा आखूड आणि आटोपशीर वाटला. जाणकार याचं श्रेय त्याच्या अभ्यासाला देतात. असेलही. पण मला त्यात सुजलेले पाय दिसतात. जे शरीर जास्त लांब जाऊ देत नाही, ते जास्त बिघडूही देत नाही.

रविवार

पेशंटने होगनचं 1957 चं पुस्तक आणून दिलं, 'फाइव्ह लेसन्स'. शब्दांकन हर्बर्ट वॉरेन विंड यांचं, चित्रं अँथनी रॅव्हिएली यांची. चित्रांवर मी खूश आहे, काढणाऱ्याला शरीर कळतं. दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत दोरीने बांधल्यासारखे एकत्र, कोपरांच्या खळग्या आभाळाकडे. चेंडूपासून खांद्यांवर टेकलेली काचेची तिरकी तावदानं, मान त्या काचेतून बाहेर, आणि क्लब मागे नेताना हात काचेच्या खालूनच जायला हवेत. उजवा पाय सरळ, डावा जरा बाहेर. हे कोणालाही शिकवता येईल असं आहे. 1955 मध्ये गाजलेल्या मनगटाच्या वाटीचं मात्र इथे फारसं काही नाही. मला वाटतं ते बरोबरच केलं. ती त्याची खासगी गोष्ट होती.

दुपारी ह्यूस्टनला स्नीडबरोबर झालेल्या टीव्ही सामन्याचं चित्रण बघितलं, 1965 मध्ये दाखवलेलं. होगन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. एकही फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) चुकला नाही, अठराच्या अठरा ग्रीन्स ठरल्या फटक्यांत गाठल्या, 69 विरुद्ध स्नीडचे 72. आणि मग पटिंग. चेंडूवर पटर ठेवून हा माणूस उभा राहतो तो उभाच. हात मागे निघतच नाहीत. दोनशे यार्डांवरून जो चुकत नाही, त्याला चार फुटांचा पट मारवत नाही. त्या काळात त्याचे पट असेच अडकायचे.

कंबर इथे मदतीला येत नाही, पटमध्ये ती हलवायचीच नसते. उरतात ते फक्त हात, ज्यांच्यावर त्याचा कधीच विश्वास नव्हता. उद्या फौजी साहेब येतील तेव्हा मनगट तपासायच्या आधी त्यांना एका पायावर उभं करून बघायचंय, आधी डाव्या.