ओला जर्दाळू

दिवाळीनंतर डिंकाच्या लाडवांसाठी खारका फोडत बसले असताना माझ्या भाच्याने विचारले, "मावशी, खारीक कोणत्या झाडाला लागते?" कोथरूडमध्ये वाढलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडावा यात नवल नाही, पण त्याचे उत्तर देताना मीच अडखळले, कारण खारीक अशा नावाने कोणत्याच झाडाला काही लागत नाही. झाड खजुराचेच असते. फळ झाडावर पूर्ण पिकून मऊ झाले की त्याला आपण खजूर म्हणतो, आणि ते कडक असतानाच उतरवून, उकळून, उन्हात खडखडीत वाळवले की त्याची खारीक होते. कच्छमध्ये मात्र पिवळ्या-लाल ताज्या फळालाच खारेक म्हणतात. ही फळे पावसाळ्याच्या सुरुवातीला पुण्यातही हातगाड्यांवर येतात, तेव्हा काही विक्रेते ‘ओली खारीक’ अशी हाळी देतात. एकच शब्द एका प्रांतात ओल्या फळाचा आणि शेजारच्या प्रांतात सुक्याचा, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही.

पूजेचे साहित्य मांडताना आपण हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक आणि खोबऱ्याची वाटी शेजारी शेजारी ठेवतो. त्यातले हळकुंड म्हणजे शिजवून वाळवलेली हळद. आले वाळले की सुंठ होते, आवळा वाळला की आवळकाठी होते, कैरीच्या फोडी वाळल्या की आंबोशी होते, बोरे वाळवून कुटली की बोरकूट होते. कोकणातल्या रातांब्याची साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवली की आमसूल तयार होते, आणि आमटीत आमसूल टाकणाऱ्या पुण्यातल्या कितीतरी घरांत रातांबा प्रत्यक्ष कोणी पाहिलेलाही नसतो. जो पदार्थ आपण स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने वाळवला, त्याला मराठीने जणू नव्याने बारसे करून वेगळे नाव दिले, असे मला या शब्दांकडे पाहताना वाटते. वाळणे म्हणजे केवळ पाणी उडून जाणे नव्हे, त्यातून दुसराच जिन्नस जन्माला येतो, हे वाळवण घालणाऱ्या बायकांना ठाऊक होते.

जो माल वाळूनच आपल्याकडे आला, त्याची गोष्ट निराळी आहे. तो आपले नाव सोबत घेऊन आला आणि ते नाव बहुधा फारसी होते. बदाम, पिस्ता, अंजीर हे शब्द फारसीतले आहेत. जर्दाळू म्हणजे फारसी ‘जर्द आलू’, म्हणजे पिवळा आलू, आणि आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचा आलू. हा आलू म्हणजे हिंदीतला बटाटा नव्हे, तर प्लमसारखे फळ. (अरबांनीही असेच केले आहे. आपली चिंच पाहून त्यांना खजूर आठवला आणि त्यांनी तिला ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, असे नाव दिले, त्यावरूनच इंग्रजीत टॅमरिंड आला.) ‘सुकामेवा’ या शब्दातला मेवाही फारसीच आहे, पण फारसीत मेवा म्हणजे साधे फळ, ताजे फळही. तो जुना अर्थ आपण करवंदा-जांभळांच्या ‘रानमेव्या’त जपून ठेवला आहे, ही मला फार लोभस गोष्ट वाटते.

याहूनही लोभस आहे ते मराठीने या पाहुण्यांना घरचे कसे केले ते. फारसीत ळ नाही आणि णही नाही. तरीही ‘जर्द आलू’चा जर्दाळू झाला आणि ‘बेदाना’चा बेदाणा झाला. दाना म्हणजे बी, आणि बेदाना म्हणजे बिनबियांचा. द्राक्षाला संस्कृत नाव असूनही वाळलेल्या द्राक्षाला आपण परके नाव घेतले आणि इतके मुरवले, की आज तासगावच्या सौद्यात ‘हिरवा बेदाणा’, ‘पिवळा बेदाणा’, ‘काळा बेदाणा’ असे शब्द ऐकताना त्यात फारसी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सांगली भागात थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन अशा बिनबियांच्या द्राक्षांचे घड खास द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत सुमारे पंधरा दिवस वाळवतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बिनबियांचा तो बेदाणा, म्हणजे हे नाव तिथे अक्षरशः खरे ठरते. बिया असलेली मोठी, काळी ती मनुका. हा शब्द अरबी ‘मुनक्का’वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘साफ केलेले’ असा आहे. आता घरोघरी सरसकट सगळ्यालाच मनुका म्हणतात. त्याला माझी हरकत नाही, परंतु मार्केट यार्डातल्या भुसार विभागात मनुका मागितल्यावर दुकानदार ‘बियांच्या की बिनबियांच्या?’ असे विचारतो, तेव्हा हरवलेला फरक त्याला दोन जादा शब्दांनी भरून काढावा लागतो.

अंजिराच्या बाबतीत मात्र मराठीचे काहीतरी राहून गेले असे मला वाटते. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर पुरंदर तालुक्यात उत्तम अंजीर पिकते, खट्टा आणि मीठा अशा दोन बहरांत येते, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण ते ताजेच खाल्ले जाते. दुकानात दोरीत ओवलेल्या चपट्या चकत्या असतात त्या बहुतेक अफगाणिस्तानातून येतात. दोन्हींना नाव एकच. त्यामुळे सासवडच्या फळाला आपण ‘ओले अंजीर’ म्हणतो, जसे ओले काजू किंवा ओले खोबरे म्हणतो. जे आपल्याला आधी सुके माहीत झाले किंवा सुकेच जास्त लागते, त्याच्या ताज्या रूपापुढे मराठी ‘ओला’ लावते, आणि त्या एका विशेषणात तो जिन्नस आपल्याकडे कसा पोहोचला याचा इतिहास सामावलेला असतो.

म्हणूनच बंद पाकिटांवर देवनागरीत ‘ड्राय ॲप्रिकॉट’ आणि ‘रेझिन्स’ छापलेले पाहून मला मनापासून वाईट वाटते. शब्द परका आहे म्हणून नव्हे, जर्दाळूही परकाच होता. वाईट याचे वाटते की ज्या शब्दाला आपण आपला ळ दिला, तो बाजूला सारून तिथे असा शब्द आणला आहे ज्याला कोणी अजून जिभेवर घोळवलेलेही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंडईत एका फळवाल्याकडे उत्तरेकडून आलेली लहान, केशरी, मऊ लवेची फळे होती. खोक्यावर इंग्रजी नाव होते. मी म्हणाले, "अर्धा किलो ओले जर्दाळू द्या." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग खोक्याकडे, आणि काही न विचारता तराजू उचलला.