'आयर्लंड्स ओन'चे जुने अंक पाहताना : माझा अनुभव

आधीच सांगून ठेवतो, ग्रंथालयात तुम्हाला साप्ताहिक मिळत नाही. बाइंडिंगवाल्याने त्यातलं जे ठेवलं, तेवढंच मिळतं.

आयर्लंडमधल्या वेक्सफर्डला १९०२ साली सुरू झालेलं 'आयर्लंड्स ओन' हे साप्ताहिक आजही चालू आहे. कथा, भुतं, गाण्यांचे शब्द, पत्रमैत्री असा सगळ्या घराने वाचायचा मजकूर. इंग्लंडहून येणाऱ्या स्वस्त साप्ताहिकांना घरचा पर्याय, ही त्यामागची भूमिका. मला तीच तपासायची होती. मजकूर आयरिश, पण जाहिरातींतला साबण नि चहा कुठला? देशी मालावरचा राष्ट्रीय शिक्का तिथे १९०६ मध्ये आला, म्हणजे आपल्या स्वदेशीच्याच सुमारास. त्याआधीचे आणि नंतरचे अंक शेजारी ठेवायचे, इतकं साधं काम.

वाचकपत्र, लॉकर, सगळं सुरळीत झालं. खंड उघडला, तर मुखपृष्ठं गायब, जाहिरातींची पानंही गायब! बांधताना जाडी कमी व्हावी म्हणून ती काढून टाकायची पद्धत होती. काउंटरवर उत्तर मिळालं, "खंड पूर्ण आहे." पूर्ण दिसणारच, कारण कव्हरला बहुधा पानक्रमांक नसतो, आकडे सलग लागतात. मग मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे फिल्मवर घेतलेले बारीक फोटो, पाहा म्हणाले. ती याच खंडावरून काढलेली! जे कापलं गेलं ते फिल्ममध्ये कुठून येणार?

म्हणून क्रमांकांवर विसंबू नका. दोन अंकांच्या सांध्यात, शिवणीपाशी, कापलेल्या कागदाची पट्टी शोधा. 'पुढील मजकूर कव्हरवर' अशी ओळ असून पुढे काही नसेल, तर कव्हर गेलंच समजा. खंड मागवण्याआधीच "न बांधलेले सुटे अंक आहेत का?" हा एकच प्रश्न लेखी विचारा. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला कायद्याने प्रती मिळण्याचा हक्क १९२७ चा. तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयाचा १८०१ पासूनचा. सुरुवातीच्या वर्षांसाठी दोन्हीकडे विचारणा करा.

सुटा अंक विकत घेणार असाल, तर विक्रेत्याकडून मधल्या पिनांचा फोटो मागवा. गंजाचा डाग आतल्या पानावर आहे आणि कव्हरवर नाही, तर कव्हर दुसऱ्या अंकाचं असू शकतं. नाताळ अंक लोक दिवाळी अंकांसारखे जपून ठेवतात. पण त्यातल्या जाहिरातींवरून वर्षाचा अंदाज बांधू नका, तीच जाहिरात पुढच्या वर्षीही आलेली असू शकते.

आणि हो, ग्रंथालयात पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. फोटो काढाल तेव्हा तारखेची ओळ चौकटीत घ्या, नाहीतर नुसत्या पानक्रमांकावरून अंक ओळखता येत नाही.