लाइट मीच लावला होता

आमच्या लेआउटच्या शेवटच्या खांबावर 150 वॅटचा फ्लडलाइट आहे. तो मीच लावला. वायरिंग हा माझा धंदा, आणि प्लॉट माझाही तिथंच, म्हणून मजुरी घेतली नाही. 4 वर्षांपूर्वी इथं तुरीचं वावर होतं. आता 48 घरं आहेत आणि वर्ध्याहून येताना दुरूनच उजेड दिसतो. दलालानं माहितीपत्रकावर हरणाचा कळप छापला होता. खरं तर आमच्याकडे दिसतो तो रोही, म्हणजे नीलगाय, पण रात्रीतून अख्खा चणा फस्त करणाऱ्याचं चित्र छापून प्लॉट कोण घेईल!

खांबाच्या पलीकडे धुरा, म्हणजे वावराचा बांध, धुऱ्याच्या पलीकडे सरकारी जागा. नोंद 'झुडपी जंगल'. लेआउटवाले तिला पडीत म्हणतात. बोरी, पळसाची खुरटी झुडपं, पावसाळ्यात तरोटा, आणि कुसळीचं गवत, जे पायजम्याला चिकटून थेट घरात येतं.

तिथं खोकडाचं बीळ होतं. मी घर बांधत होतो तेव्हाची गोष्ट. मार्च महिना, दिवस बुडायची वेळ. स्लॅबवर पाइप टाकत बसलो होतो आणि समोर मुरमाच्या उंचवट्यावर कान दिसले. आधी वाटलं मांजर. मग शेपूट दिसली, झुपकेदार, टोकाला काळी. कोल्ह्यापेक्षा बरंच लहान जनावर. बिळाला चार तोंडं होती. एकातून पिल्लू आत जायचं आणि दुसऱ्यातून डोकं काढायचं. तीन पिल्लं मोजली. जवळ कधी गेलो नाही, पण वाटेत त्याची लेंडी दिसायची, वाळलेली, बोराच्या बियांनी भरलेली. उंदीर, किडे, वाळवी, बोरं, सगळं चालतं त्याला.

पुढे एकदा साप निघाला, बायामाणसं घाबरली, आणि ठरलं की कोपऱ्यावर मोठा लाइट हवा. मी लावला आणि तोंड बाहेरच्या बाजूला केलं, म्हणजे लोकांच्या डोळ्यांवर नको. तो उजेड सरळ बिळावर पडला. त्या वेळी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यात आमचा कचरा धुऱ्यावर, कचऱ्यावर कुत्री. पुढच्या मार्चला चारही तोंडांवर कोळ्याची जाळी होती.

बाजूला ज्यांचं वावर अजून शिल्लक आहे ते काकाजी मला म्हणाले, ‘‘तुमची कॉलनी आली अन् उंदरं वाढले बापा. खोकड काऊन घालवलं?’’ त्यांना काय सांगू?

गेल्या दिवाळीनंतर मी तेलाचा 15 किलोचा पिपा उभा कापला, आतून काळा रंग दिला आणि लाइटवर झापडीसारखा बसवला. आता उजेड फक्त खाली रस्त्यावर पडतो. वर टाइमर लावला, 11 वाजता बंद. दोन घरांतून तक्रार आली, म्हणून त्यांच्या फाटकावर छोटे बल्ब लावून दिले. कुत्र्यांचं काही जमलं नाही. कचऱ्याची गाडी एक दिवस येते, तीन दिवस येत नाही.

आता नवीन प्रकरण. सोसायटीला त्या जागेवर वृक्षारोपण करायचं आहे. जेसीबीनं झुडपं साफ, 300 खड्डे, कडुनिंब, गुलमोहर, मधून चालायला रस्ता. हेतू चांगला आहे, त्यामुळे विरोध करणारा माणूसच वाईट दिसतो. मी मीटिंगमध्ये सांगितलं की खोकड उघड्या माळाचं जनावर आहे, त्याला दूरवर दिसायला हवं, दाट सावलीत ते बीळ करत नाही. टिटवी तर उघड्या मुरमावर अंडी घालते, खड्डे खणले की ती गेली. तितर याच झुडपांत राहतं. शिवाय कायदाही आहे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जमीन आहे आणि 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते जंगलच धरायचं.

मागून एक जण उठले. ‘‘जंगल हाय म्हणता, तं झाडं कुठं हायत जी?’’

सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथंच हरलो. झाड दिसत नाही म्हणजे रिकामी जागा, हे आपल्या डोक्यात शाळेपासूनच पक्कं बसलं आहे. तिथं काही लावू नका, तिला नुसती राहू द्या, असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

शेवटी एवढंच ठरलं की वन विभागाला लेखी विचारल्याशिवाय जेसीबी बोलवायचा नाही. अर्ज मीच लिहिला, सही सचिवांची घेतली. झाडांच्या पाण्यासाठी बोअरवर मोटर बसवायची आहे, तिचं कोटेशनही माझ्याकडेच मागितलं आहे. महिना झाला. विचारलं की सांगतो, तांब्याच्या वायरचे भाव वरखाली होत आहेत, जरा थांबा.