मामा म्हणतात, आम्ही नाचत नाही

नॉर्वेमधील ट्रॉन्हाइमहून सांगलीला फोन केला की आत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज कोणता नाच शिकवला?" नॉर्वे, फ्रान्स, हंगेरी आणि इंग्लंड येथील चार विद्यापीठांनी मिळून २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'कोरिओमुंडुस' या नृत्यविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्ही पावलेही शिकतो. टेलेमार्क भागातील स्प्रिंगार या जोडीनृत्यातील तीन मात्रा सारख्या लांबीच्या नसतात, त्यामुळे लेझमीच्या तालावर वाढलेले माझे पाय तेथे अजूनही अडखळतात. मात्र कोण, कोणासमोर आणि कशासाठी नाचते, हा मानववंशशास्त्राचा प्रश्न पावलांइतकाच महत्त्वाचा मानला जातो.

मानववंशशास्त्रज्ञ जोआन केआलीनोहोमोकू यांनी १९७० च्या सुमारास लिहिलेल्या निबंधात, बॅले हेदेखील एका विशिष्ट समाजाच्या रूढींतून घडलेले नृत्य आहे, असे दाखवून दिले. तो वाचेपर्यंत भरतनाट्यम वरचे आणि आपली धनगरांची गजी खालची, ही उतरंड मीही निमूटपणे मानत होते, याचे मला मनापासून वाईट वाटले. पुढे टोंगा बेटांवर संशोधन करणाऱ्या एड्रियन केप्लर यांचे लेखन वाचले. 'नृत्य' ही कल्पना प्रत्येक समाजात असतेच असे नाही, म्हणून त्यांनी 'रचनाबद्ध हालचाली' अशी अधिक व्यापक संज्ञा वापरली.

त्याचा अर्थ मला कवठेमहांकाळच्या मामांमुळे उमगला. आरेवाडीच्या बिरोबापुढे पायघोळ पांढरे अंगरखे घालून, हातात रंगीत रुमाल घेऊन ढोलाच्या तालावर गजी चालते. माझा प्रबंध तिच्यावरच आहे. मी फोनवर "तुमच्या नृत्याविषयी सांगा" म्हणताच मामा गंभीरपणे म्हणाले, "आम्ही गजी खेळतो बाळ, नाचत नाही."

खरोखरच आपण लेझीम खेळतो, झिम्मा खेळतो, फुगडी घालतो. नाचतो ते वरातीत किंवा तमाशाच्या फडात. याचे कारण 'नाच' या शब्दाला चिकटलेला कमीपणा, असे मला आधी वाटले. परंतु संत नामदेवांनी तर कीर्तनाच्या रंगात नाचण्याचीच इच्छा धरली, तेव्हा ते उत्तर अपुरे ठरते. कदाचित देवापुढे स्वतः सहभागी होणे आणि पाहणाऱ्यांसाठी सादर करणे, यांतला भेद मामांच्या क्रियापदात असावा. तो त्यांच्याच तोंडून समजून घ्यायचा आहे.

म्हणून क्षेत्रकार्यासाठी तयार केलेली माझी प्रश्नावली मी पुन्हा लिहायला घेतली आहे. तिच्यातील पहिला प्रश्न आता असा आहे: "तुम्ही गजी खेळायला कधी लागलात?"