दहा मिनिटं

१२ मे, धुळे

आज हवेत होते पंचवीस मिनिटं. इंजिन चालू करताना जी फजिती झाली, ती मात्र दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

पहाट छान होती. साडेपाचला गोंदूरच्या विमानतळावर पोचले तेव्हा आमचं शिकायचं विमान, सेस्ना १७२, दोर बांधलेल्या म्हशीसारखं निवांत उभं होतं. पिटो ट्यूबवरचं, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीवरचं, लाल कव्हर काढलं आणि सवयीने भोकात डोकावले. विमानतळावरच्या आप्पांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, इथे कुंभारीण माशीला एक रात्र पुरते, मातीचं घर तयार. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकजवळ एक बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. पिटोत बहुधा असल्याच माशीचं घर होतं, असा निष्कर्ष निघाला. हे कळल्यापासून मी कुंभारणीकडे आदराने बघते.

मग इंधन. या विमानाला निचऱ्याच्या तेरा जागा आहेत, पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. प्रत्येक ठिकाणी कप लावायचा, थोडं इंधन काढायचं, उजेडात धरायचं. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर दिसतं. पाणी जड, ते तळाला बिनरंगी थेंब होऊन बसतं. आज डाव्या पंखाच्या एका जागी तसा मुगाएवढा थेंब सापडला. काल संध्याकाळी टाक्या अर्ध्याच ठेवल्या होत्या, रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार झाली असणार. स्वच्छ निळं येईपर्यंत काढत राहिले. ऑइल साडेसहा क्वार्ट. पाचच्या खाली उडायचं नाही. डिपस्टिक पुसायला माझी जुनी ओढणी.

सकाळी इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं आणि मी हुरळले. तिथेच माशी शिंकली.

अकराला दुसरी फेरी. पारा चाळिशीपार, विमान वीस मिनिटं उन्हात उभं. या इंजिनात इंधनाच्या बारीक नळ्या सिलिंडरांच्या वरून जातात. इंजिन बंद झालं की थंड हवेचा झोत थांबतो, उष्णता वर चढते आणि नळ्यांतल्या इंधनाची वाफ होते. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं! तरी मी सकाळसारखंच केलं: पंप चालू, मिक्श्चर (इंधनाचं प्रमाण ठरवणारा दांडा) पुढे, इंधनाचा काटा हलेपर्यंत थांबायचं, मिक्श्चर मागे. स्टार्टर दहा सेकंद. काही नाही. पुन्हा पंप. पुन्हा दहा सेकंद. तिसऱ्यांदाही तेच. शेजारी बसलेले सर एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

काउलिंगखालून, म्हणजे इंजिनाच्या आवरणाखालून, निळे थेंब पडताना आप्पांना दिसले. अग्निशामक घेऊन ते पुढे आले, हाताने 'बंद' अशी खूण केली आणि मी उतरल्यावर म्हणाले, "कसाले घाई करस वं माय?"

तीनदा फिरवल्यावर स्टार्टरला दहा मिनिटं विश्रांती द्यायची, हा नियम. ती दहा मिनिटं आम्ही पंखाच्या सावलीत बसलो. मी वैतागून प्रॉपला, म्हणजे पुढच्या पंख्याला, हात लावणार तोच आप्पांनी मनगट धरलं. चावी बंद असली तरी मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, अर्थिंगची तार तुटलेली असू शकते; मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतो, प्रॉप हलला की ठिणगी देतो. म्हणून उभा प्रॉपही जिवंत समजायचा. मला आमच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन आठवलं. हँडल उलटून बाबांचा अंगठा सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता आणि त्या वर्षी कापूस वेचायला ते बांधावर बसून फक्त ओरडत होते. आप्पा खूप हसले.

मग सरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. पंपाला हातच नाही. मिक्श्चर पूर्ण मागे, थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण पुढे, म्हणजे आत साचलेलं इंधन हवेसोबत निघून जाईल. खिडकीतून "क्लिअर प्रॉप!" ओरडले. चार-पाच फेरे, एक खोकला, काळपट धूर. धरलं! थ्रॉटल झटकन मागे, मिक्श्चर हळूहळू पुढे. नजर ऑइल प्रेशरवर. तीस सेकंदांत काटा हिरव्यात यायला हवा, सातव्या-आठव्या सेकंदाला आला. पुढे १८०० आरपीएमवर दोन्ही मॅग्नेटो तपासले, दोन्हींवर आरपीएमचा उतार मर्यादेत.

संध्याकाळी टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. कव्हर घालताना डाव्या चाकाजवळ एक कुंभारीण चिखलाची गोळी घेऊन घिरट्या घालत होती. कव्हरचा पट्टा आणखी एकदा ओढून बघितला.

बाबांचा फोन आला. "किती उडालीस?" म्हणाले. पंचवीस मिनिटं, म्हटलं. अंगठ्याचं आप्पांना सांगितलंय, हे नाही सांगितलं.