शास्त्रपाठ माझा नव्हता

आज सदर भागातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेत बायबलचा उतारा वाचायचं काम, अकरावीतल्या एका पोराला दिलं. बारा वर्षं मी वाचतोय, अन् मला साधं विचारलंही नाही! पाठ योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायाचा. पोरगं यहूदाच्या 'इस्कर्योत' या नावावर अडखळलं आणि मी, खरं सांगतो, मनातून खूश झालो. तिकडे पाठात प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतोय, त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेसुद्धा, अन् मी चुका मोजत बसलेलो. पेत्र नावाचा शिष्य आधी पाय धुवून घ्यायला नको म्हणाला होता. तोही एक ताठाच म्हणा.

उपासनेनंतर तेच पोरगं चहाचे कप विसळत होतं. मी बाह्या सरसावून शेजारी उभा राहिलो.

"काका, राहू द्या ना."

साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग म्हटलं, "छान वाचलंस रे."

एवढं बोलायला सात कप लागले, बाप्पा!