दुतोंड्या मारुतीला दहा हजार मतं मिळतील पण...

सध्या रात्री जेवणं उरकली की मी लॅपटॉपवर नाशिकचा गोदाघाट बांधतोय, लेगोच्या पिसांचा, म्हणजे त्या एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा. स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आहे ब्रिकलिंकचं, फुकट मिळतं (ब्रिकलिंक म्हणजे लेगोच्या सुट्या पिसांचा ऑनलाइन बाजार, २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला). एकेक पीस उचलून बसवायचा, दोन पीस एकमेकांत घुसले की ते लगेच दाखवतं, आणि शेवटी जोडणीची पुस्तिका पण त्यातच बनवता येते.

घाटाच्या पायऱ्या सोप्या हो, प्लेटवर (म्हणजे चपट्या पिसावर) प्लेट. खरा घाम काढला घाटावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या शिखराने. आता बघा, प्लेटची जाडी ३.२ मिमी आणि दोन स्टडमधलं (पिसावरच्या गोल उंचवट्यांमधलं) अंतर ८ मिमी, म्हणजे पाच प्लेट रचल्या की १६, बरोबर दोन स्टड, त्यामुळे पीस आडवे लावले तरी माप जुळतं आणि शिखराचा बाक असाच आडव्या पिसांनी काढायचा. हे जुळवून ठेवलंय त्या लोकांना साष्टांग नमस्कार!

मित्र म्हणे भाऊ, लेगो आयडियाजवर टाक, म्हणजे लोकांनी आपली डिझाइन्स मांडायची लेगोची साइट. २००८ ला जपानमध्ये कुसू नावाने सुरू झालेला प्रकार, २०१४ पासून आयडियाज. १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते, पास झालं तर खरा सेट निघतो आणि डिझायनरला निव्वळ विक्रीवर १ टक्का. दहा हजार काय, आपल्या पंचवटीतच झाले असते. पण धार्मिक वास्तू, चिन्हं, व्यक्ती तिथे चालतच नाहीत. नियम शहाणपणाचाच आहे, जगभरच्या भावना कोण सांभाळत बसणार, पण मग नाशकात उरलं काय? द्राक्षबाग, मिसळ, फार तर जुना वाडा, आणि वाडा म्हटला की चौकात तुळशीवृंदावन आलंच, ते झाडात धरणार का देवात?

म्हणून मी तो नादच सोडला, हे आपलं घरच्यासाठी. दुतोंड्या मारुतीभोवती (गोदापात्रातली दोन तोंडांची उंच मूर्ती) पारदर्शक निळ्या प्लेटांचे थर दिलेत, पावसाळ्यात बातमी येईल तसे चढवायचे, गुडघा, कंबर, छाती. नाशिककराला पूर असाच कळतो, क्युसेक वगैरे पेपरवाल्यांसाठी.

फक्त रंग अडलाय. स्टुडिओत कुठलाही पीस कुठल्याही रंगात रंगवता येतो पण प्रत्यक्षात तो त्या रंगात बनलेला असेलच असं नाही, त्यात शेंदरी म्हणजे लाल का ऑरेंज यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई लालवाली आहे.